चालू समुद्री टाकीतली वाळू बदलताना: कामाच्या नोंदी

११ जानेवारी : आजची स्थिती

खाऱ्या पाण्याची, मासे आणि कोरल ठेवलेली टाकी, १२० × ५० × ५० सेंटिमीटर. खाली सम्प (टाकीला जोडलेली फिल्टरची दुसरी टाकी), त्यात स्किमर (फेसातून घाण बाहेर काढणारं यंत्र), कार्बन (पाणी शुद्ध करणारा कोळसा) आणि फॉस्फेट शोषणाऱ्या लोहयुक्त दाण्यांची पिशवी. खडक-वाळूची जागा वजा करून आणि सम्पमधलं पाणी धरून प्रत्यक्ष पाणी साधारण २८० लिटर. सहा वर्षांपूर्वी तळाला ३ ते ५ मिलिमीटरचा कोरलचा चुरा घातला होता. तो आता पुढच्या काचेशी ५ सेंटिमीटर आहे आणि मागच्या कोपऱ्यात ८ पर्यंत चढलाय.

तो काढायचं कारण म्हणजे दाण्यांमधल्या फटी. उरलेलं खाणं, माशांची विष्ठा, खडकांवरून झडणारा गाळ, सगळं त्या फटींतून खाली उतरतं आणि तिथेच बसतं. वरून झोत कितीही वाढवला तरी ते वर येत नाही. सायफननं उपसायला गेलं तर वरचे दोन सेंटिमीटर साफ होतात आणि खालचं तसंच राहतं. आजची मोजमापं: नायट्रेट ४० पीपीएम (दशलक्षात भाग), फॉस्फेट ०.२५ पीपीएम, अल्कलिनिटी (पाण्यातल्या कार्बोनेटचं माप) ८.६ डीकेएच (तिचं एकक), सॅलिनिटी (खारटपणा) ३५ पीपीटी (हजारात भाग), तापमान २५.५ अंश.

टाकीत क्लाउनफिशची जोडी आहे, एक पिवळा वॉचमन गोबी आणि त्याच्याच बिळात राहणारी पिस्टल कोळंबी (नांगीनं टक् असा आवाज काढणारी), वाळूत राहणाऱ्या नासारियस गोगलगायी, दोन ब्रिटल स्टार (तारामाशासारखे जीव). वाळूवर एक ट्रॅकिफिलिया कोरल, खडकांवर हॅमर कोरल आणि झोअँथिड (कोरलसारखे छोटे जीव). कोरल वाढून खडक एकमेकांना असे जोडले गेलेत की सगळं उपसून टबांत ठेवायचं आणि एका दिवसात तळ बदलायचा, हा मार्ग इथे बसत नाही. चुरा काढून काच उघडी ठेवणं सगळ्यात सोपं झालं असतं, पण गोबी आणि कोळंबीला बिळाशिवाय ठेवायची माझी तयारी नाही.

म्हणून पट्ट्या. लांबीवर २४ सेंटिमीटरच्या पाच पट्ट्या, दर आठवड्याच्या पाणीबदलात एक. सुरुवात उजवीकडून, कारण बीळ डाव्या टोकाला आहे.

तळ काढला की नायट्रिफिकेशन करणारे (विषारी अमोनियाचं नायट्रेट करणारे) जीवाणू जातील आणि टाकीचं सायकल, म्हणजे हे जीवाणू नव्यानं वसवणं, पुन्हा सुरू होईल, असं बरेच जण सांगतात. हे जीवाणू पृष्ठभागाला चिकटून राहतात आणि या टाकीत सच्छिद्र खडकांचा पृष्ठभाग भरपूर आहे. एका वेळी पाचवा हिस्सा गेला तर बाकीचे सांभाळून घेतील असा माझा अंदाज आहे. तरी अमोनिया रोज मोजणार.

(नंतर घातलेली ओळ: जीवाणूंचा अंदाज बरोबर निघाला. टाकीला खरा धक्का फॉस्फेटकडून बसला. घाईत असाल तर १२ फेब्रुवारीपासून पुढच्या नोंदी आधी वाचा.)

१४ जानेवारी : नवी वाळू

ॲरागोनाइट (कॅल्शियम कार्बोनेटची वाळू), १ ते २ मिलिमीटर. याहून बारीक वाळू दिसायला सुंदर, पण या टाकीत दोन पॉवरहेड (पाण्याचा झोत सोडणारे छोटे पंप) आहेत आणि अर्ध्या मिलिमीटरची वाळू त्यांच्या झोतात एका ठिकाणी टिकत नाही. एका कोपऱ्यात ढीग होतो, दुसरीकडे काच उघडी पडते आणि ट्रॅकिफिलियावर सतत कण पडत राहतात.

हिशोब: १२० × ५० × ४ सेंटिमीटर म्हणजे २४ लिटर वाळू. कोरडी वाळू लिटरला साधारण दीड किलो भरते, म्हणजे ३६ किलो. ४० आणली.

धुण्याला माझ्या कल्पनेपेक्षा फार वेळ गेला. बादलीत एका वेळी दोन-तीन लिटरच वाळू घ्यायची, पाण्याची नळी थेट तळाशी खुपसायची आणि हातानं ढवळत राहायचं. सुरुवातीचं पाणी दुधासारखं येतं. बादली भरून घेतली की वरचे दाणे धुतले जातात आणि खालचे जसेच्या तसे राहतात, त्यामुळे जास्त घेऊन वेळ वाचत नाही. भरल्या बादलीत तळाशी ठेवलेली बोटं स्पष्ट दिसली की ती वाळू झाली. शेवटचं पाणी आरओचं.

एकदम सगळी धुऊ नका. ओली वाळू बंद बादलीत आठवडे राहिली की कुबट होते. पुढच्या पट्टीपुरती धुवायची, बाकीची कोरडीच ठेवायची.

१८ जानेवारी : पहिली पट्टी

सकाळी ६० लिटर मिठाचं पाणी तयार होतं. लिटरला ३६ ग्रॅम मीठ, आदल्या रात्रीपासून पंप लावून घुसळलेलं, हीटर लावून टाकीच्या तापमानाला आणलेलं. रिटर्न पंप (सम्पमधून टाकीत पाणी चढवणारा), पॉवरहेड, हीटर, सगळं बंद. काचेचा हीटर पाण्याबाहेर तापत राहिला तर तडकतो, म्हणून पाणी काढण्याआधी तो बंद करायचाच.

२५ मिलिमीटरची नळी घेऊन सायफन सुरू केला आणि हा बेत लगेच फसला. इतक्या जाड नळीतून पाणी इतक्या वेगानं जातं की मूठभर चुऱ्यामागे बादलीभर पाणी गेलं. पट्टीचा चौथा भागही रिकामा झाला नव्हता आणि ३० लिटर बाहेर होते. मग १६ मिलिमीटरची नळी घेतली. वेग ताब्यात आला, पण चुऱ्यातले शंखांचे तुकडे तोंडाशी अडकायला लागले. दर अर्ध्या मिनिटाला थांबा, नळी काढा, झटका. काढलेलं पाणी कापडातून गाळून परत टाकीत सोडायचा मोह होतो. तसं करू नये. तळातल्या पाण्यात जे विरघळलेलं आहे तेच बाहेर काढायचंय, आणि ते कापडात अडकत नाही.

शेवटी जमलं ते असं: घट्ट झाकणाचा प्लास्टिकचा पसरट डबा पाण्याखाली तळाशी आडवा ठेवायचा. दुसऱ्या हातानं चुरा हळू त्यात ओढायचा. डबा भरला की झाकण पाण्याखालीच लावायचं, वर काढायच्या आधी. उघडा डबा वर आणला तर वाटेत सगळा गाळ टाकीभर पसरतो. झाकण लावलं की तो डब्यातच राहतो. डब्यांनी चुरा, आणि काचेवर उरलेला चिखल तेवढा १६ मिलिमीटरच्या नळीनं. या पद्धतीनं पट्टीचे ६ लिटर चुरा आणि एकूण ४५ लिटर पाणी बाहेर आलं.

आणखी एक अडचण. पट्टी रिकामी केली की शेजारचा चुरा घसरून त्यात येतो. १० सेंटिमीटर उंच ॲक्रिलिकची पट्टी कापून घेतली आणि काचेला टेकेपर्यंत उभी खोचली. तिच्यामुळे सीमा टिकली. पुढच्या प्रत्येक पट्टीला हीच आधी लावायची.

प्रत्येक डबा थाळीत रिकामा करून बोटांनी चाळला. पहिल्याच डब्यात नासारियस निघाल्या, त्या परत सोडल्या. ब्रिसलवर्मही (केसाळ समुद्री किडे) खूप निघाले. हातमोजे घालूनच चाळा, त्यांचे केस कातडीत मोडून बसतात. झोअँथिड जवळ असतील तर मोज्यांचं आणखी एक कारण आहे: काही झोअँथिडमध्ये पॅलिटॉक्सिन हे तीव्र विष असतं. हाताला चीर असेल तर मोज्यांशिवाय टाकीत हात नाही, आणि डोळ्यांवर चष्मा.

नवी वाळू घालायला ५० मिलिमीटरचा पीव्हीसी पाइप, वरच्या तोंडाला नरसाळं, खालचं तोंड काचेपासून दोन बोटं वर. त्याआधी वाळू मिठाच्या पाण्यात एकदा खंगाळली. ओल्या वाळूत सुमारे ४० टक्के जागा पाण्याची असते, म्हणजे ५ लिटर वाळूबरोबर दोनेक लिटर गोडं पाणी टाकीत गेलं असतं. सॅलिनिटीत तो फरक लहान दिसेल, पण ते गोडं पाणी नेमकं तळातल्या जिवांवर पडतं.

पंप बंद ठेवून तासभर थांबलो. मग पाणी भरलं आणि सगळं सुरू केलं. रात्रीपर्यंत धुकं होतं. फिल्टर सॉक (सम्पमधली गाळणीची पिशवी) दोनदा बदलला.

१९ जानेवारी

अमोनिया शून्य. पाणी स्वच्छ. हॅमर थोडा आत ओढलेला होता, संध्याकाळी पूर्ण फुलला. स्किमर रात्री ओसंडून वाहिला. ढवळल्यावर हे होणारच, कप वर चढवून ठेवायला हवा.

२५ जानेवारी : दुसरी पट्टी, काळा थर

या पट्टीच्या मागच्या भागात एक मोठा खडक चुऱ्यावरच टेकलेला आहे. बाकीचे काचेवर आहेत, हा नाही. खालून चुरा काढला की तो कलंडणार. चुऱ्याला हात लावायच्या आधी पीव्हीसी पाइपचे तीन तुकडे खडकाखालच्या अंतराएवढे कापले, आत पाणी फिरावं म्हणून त्यांना भोकं पाडली आणि खडकाखाली एकेक ढकलून आधार दिला. नंतर चुरा काढला. खडक हलला नाही. टाकीत वाळूवर टेकलेला एकही खडक असेल तर हे काम सगळ्यांत आधी करा. बीळ खणणारा मासा किंवा कोळंबी असेल तर तळ बदलायचा नसला तरी करा.

त्या खडकाखाली चुरा काळा होता. वरचे दोन बोटं पांढरट, मग करडा, आणि काचेला लागून शाईसारखा काळा, चिकट थर. डब्याचं झाकण बाहेर उघडल्याबरोबर सडक्या अंड्यांचा वास खोलीभर पसरला. तो हायड्रोजन सल्फाइड. प्राणवायू न पोचणाऱ्या थरात सल्फेटवर जगणारे जीवाणू तो तयार करतात आणि लोहाशी संयोग होऊन काळा रंग येतो. थाळीत पसरलेला तो चुरा माझ्या डोळ्यांदेखत काळ्याचा राखाडी व्हायला लागला. हवा लागली की लोहाचं सल्फाइड ऑक्सिडाइझ होतं, त्याचा हा परिणाम.

टाकीत मात्र त्याचा त्रास झाला. डबे भरताना काळ्या थरातला काही भाग उधळला. पंधरा-वीस मिनिटांत क्लाउनफिश वरच्या पृष्ठभागाशी येऊन भराभर कल्ले हलवायला लागले. सल्फाइड स्वतः विषारी, शिवाय उधळलेला गाळ पाण्यातला प्राणवायू खातो, आणि त्याच वेळी सगळे पंप बंद. काम अर्ध्यावर सोडलं. दोन एअरस्टोन टाकले, पॉवरहेड पृष्ठभागाकडे तोंड करून सुरू केले, ताजा कार्बन घातला, राखीव ठेवलेलं पाणी बदललं. अर्ध्या तासात मासे खाली गेले.

रात्री अमोनिया ०.२५ पीपीएम. समुद्री टाकीचा पीएच साधारण ८ च्या आसपास किंवा वर असतो, त्यामुळे एकूण अमोनियातला विषारी मुक्त भाग गोड्या पाण्याच्या टाकीपेक्षा जास्त असतो. याच आकड्याकडे तिथे काणाडोळा चालला असता, इथे नाही. आणखी ४० लिटर बदललं. खाणं बंद.

२७ जानेवारी

अमोनिया शून्य. पट्टीचा उरलेला भाग पूर्ण केला, या वेळी क्रम बदलून. चुरा हलवायच्या आधी बारीक नळी थेट काचेपर्यंत खोचली आणि चुऱ्याच्या आतलं पाणी हळू ओढून घेतलं. करडं, वासाचं पाणी आलं. ते स्वच्छ यायला लागल्यावरच डबा आत नेला. फरक लगेच दिसला, पाणी फारसं गढूळ झालं नाही. पंपांऐवजी दोन्ही एअरस्टोन चालू ठेवले. यापुढे प्रत्येक पट्टीला हाच क्रम, आणि दोन पट्ट्यांमध्ये आठवड्याऐवजी दहा दिवस.

५ फेब्रुवारी : तिसरी पट्टी

मधली पट्टी. आतलं पाणी आधी, मग डबे, मग नळी. काळा थर पातळ होता. ट्रॅकिफिलिया आधीच काढून खडकाच्या उतारावर, कमी झोतात ठेवला. नव्या वाळूवर त्याला धूळ पूर्ण बसल्यावरच ठेवायचं. हा कोरल अंगावर पडलेले कण चिकट द्रव सोडून झटकतो; थोडे झटकेल, दिवसभर पडत राहिले तर थकतो.

पहिल्या पट्टीतल्या जुन्या चुऱ्याच्या वरच्या थरातला एक पेला स्वच्छ भाग जाळीच्या पिशवीत घालून नव्या वाळूवर ठेवलाय. त्यातले कोपेपॉड, ॲम्फिपॉड (कोळंबीच्या कुळातले बारीक जीव) आणि बारीक किडे नव्या वाळूत उतरावेत म्हणून. खालचा थर यासाठी वापरू नये.

काम सगळं मिळून सकाळपुरतं. अमोनिया रात्री शून्य, दुसऱ्या दिवशी शून्य.

१२ फेब्रुवारी : आकडे खाली, फार खाली

नायट्रेट १२. फॉस्फेट ०.०२. अल्कलिनिटी ७.३.

नायट्रेट पाणीबदलांनी आणि गाळ गेल्यानं उतरलं, हे समजतं. बाकीच्या दोन आकड्यांनी मला थांबवलं. अल्कलिनिटीचा डोस बदललेला नाही, कोरल वाढलेले नाहीत, तरी ती उतरली. ॲरागोनाइट म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट. त्याचा ताजा, स्वच्छ पृष्ठभाग मिळाला की पाण्यातलं कॅल्शियम आणि कार्बोनेट त्याच्यावर थर धरू लागतं. हा ओढा काही दिवस जोरात असतो, मग दाण्यांवर सेंद्रिय थर चढला की मंदावतो. भरून काढायला खायचा सोडा: २८० लिटरला साधारण साडेआठ ग्रॅमनं १ डीकेएच वाढते. आरओ पाण्यात विरघळवून, सम्पमध्ये थेंबथेंब, एका दिवसात १ डीकेएचच्या वर नाही.

फॉस्फेटचं कारणही तोच पृष्ठभाग. कॅल्शियम कार्बोनेट फॉस्फेट धरून ठेवतं. जुना चुरा सहा वर्षं ते साठवत होता आणि पाण्यात थोडं थोडं सोडत होता. तो साठा बाहेर गेला आणि त्याच्या जागी भुकेला नवा पृष्ठभाग आला. त्यात सम्पमध्ये फॉस्फेट शोषणारी पिशवी अजून लटकत होती. ती आज काढली. पहिल्या पट्टीच्या आधीच काढायला हवी होती. हे काम करणाऱ्यानं ती आदल्या आठवड्यातच काढावी.

१७ फेब्रुवारी : तपकिरी थर

नव्या वाळूवर तपकिरी, लोंबणारा थर. नवी वाळू घातल्यावर डायाटम (सूक्ष्म तपकिरी शेवाळ) येतातच आणि काही आठवड्यांत आपोआप जातात, म्हणून दोन दिवस दुर्लक्ष केलं. पण याचे दोरे निघतात, दोऱ्यांच्या टोकांना बुडबुडे अडकलेले असतात आणि रात्री दिवे गेल्यावर थर जवळपास नाहीसा होतो. सकाळी वाळू स्वच्छ, दुपारी पुन्हा तपकिरी.

चाचणी केली. थर ड्रॉपरनं ओढून छोट्या बाटलीत घेतला, जोरात हलवला, टिश्यू पेपरमधून गाळला आणि गाळलेलं पाणी दिव्याखाली ठेवलं. तासाभरात त्या पाण्यात पुन्हा तपकिरी गुठळ्या आणि दोरे जमले. डायाटम असे पुन्हा एकत्र येत नाहीत. सूक्ष्मदर्शकाखाली थेंबाच्या आकाराच्या पेशी, टोकदार बाजूवर जणू खिळा ठोकून जागच्या जागी गोल फिरणाऱ्या. ऑस्ट्रिऑप्सिस, डायनोफ्लॅजेलेट नावाच्या सूक्ष्म एकपेशी जीवांपैकी एक.

नायट्रेट-फॉस्फेट शून्याजवळ गेलं की खडकांवरचे जीवाणू आणि साधं शेवाळ उपाशी पडतं आणि यांना मोकळं रान मिळतं. फॉस्फेट आज शून्य दाखवतंय.

चौथी पट्टी पुढे ढकलली.

१८ फेब्रुवारी ते १५ मार्च

या काळातल्या नोंदी एकत्र करतोय, कारण रोज तेच काम होतं.

पाणीबदल बंद. स्किमर दिवसातून काहीच तास. खाणं दुप्पट. फॉस्फेट ०.०५ ते ०.१० आणि नायट्रेट ५ ते १० यांच्या मध्ये ठेवायचं, हे लक्ष्य. फॉस्फेट फक्त खाण्यानं वर येईना. नवी वाळू आलेलं सगळं पिऊन टाकत होती. टाक्यांसाठी मिळणारं फॉस्फेटचं द्रावण रोज मोजून घालावं लागलं, आणि दुसऱ्या सकाळी मोजलं की पुन्हा ०.०१. आठवड्याहून जास्त काळ असं गेलं, मग एका सकाळी ०.०४ टिकलं. वाळूचं पोट भरल्याची ती खूण.

सोबत अतिनील दिव्याचं युनिट, थेट टाकीतून पाणी घेऊन टाकीत सोडणारं. ऑस्ट्रिऑप्सिस रात्री वाळू सोडून पाण्यात तरंगतो, म्हणून या जातीवर अतिनील दिवा चालतो. ॲम्फिडिनियम हा दुसरा डायनोफ्लॅजेलेट रात्रीही वाळूतच राहतो, त्याच्यावर या दिव्याचा उपयोग जवळपास नाही. म्हणूनच आधी जात ओळखा, मग पैसे घाला.

कार्बन दर चार-पाच दिवसांनी नवा. ऑस्ट्रिऑप्सिसचं विष पाण्यात उतरतं. तरी काही गोगलगायी गेल्या. सकाळी त्या उलट्या पडलेल्या दिसायच्या, पायाचा स्नायू सैल पडलेला. सरळ केल्या तरी चिकटायच्या नाहीत. संपूर्ण कामातलं हे नुकसान मला सगळ्यात जास्त लागलं, कारण ते टाळता आलं असतं. फॉस्फेटची पिशवी आधी निघाली असती आणि दोन पट्ट्यांमध्ये तीन आठवडे गेले असते, तर नव्या वाळूनं फॉस्फेट इतकं एकदम ओढलं नसतं.

१० मार्चनंतर दोरे कमी झाले. १५ मार्चला वाळूवर हिरवट छटा आणि काचेवर साधं शेवाळ. काचेवरचं शेवाळ बघून आनंद होण्याची ही वेळ.

२२ मार्च : चौथी पट्टी

फॉस्फेट ०.०८, नायट्रेट ८. काम सुरू करण्याआधी फॉस्फेट मुद्दाम ०.१० च्या जवळ नेलं होतं. या पट्टीची नवी वाळू आठवडाभर वेगळ्या बादलीत टाकीतून काढलेल्या जुन्या पाण्यात, छोटा पंप लावून ठेवली होती, म्हणजे तिची पहिली भूक तिथेच भागेल. दोनदा पाणी बदललं. दुसऱ्या वेळी बादलीतलं फॉस्फेट खाली गेलं नाही, तेव्हा वाळू वापरली.

याचा उपयोग झाला. पुढच्या चार दिवसांत टाकीतलं फॉस्फेट ०.०६ च्या खाली उतरलं नाही आणि अल्कलिनिटी फक्त ०.३ नं घसरली. सगळीच वाळू अशी भिजवून घातली असती तर फेब्रुवारी वाचला असता.

१२ एप्रिल : पाचवी पट्टी, गोबीचं बीळ

तीन आठवडे जाऊ दिले. या पट्टीसाठी वाळू वेगळी: १ ते २ मिलिमीटरच्या वाळूत सातवा-आठवा हिस्सा भरड तुकडे, जुन्या चुऱ्यातून निवडून, धुऊन, उन्हात वाळवून घेतलेले. शंखांचे चपटे तुकडे, कोरलच्या फांद्यांचे पेरभर लांब तुकडे. एकसारख्या बारीक वाळूत बिळाचं छत टिकत नाही, कोळंबी असे तुकडे अडकवूनच छत उभं करते.

बीळ मोडावंच लागणार होतं. ॲक्रिलिकची पट्टी लावली, बिळाच्या विरुद्ध बाजूनं काम सुरू केलं आणि हळूहळू त्यांच्याकडे सरकत गेलो, म्हणजे त्यांना खडकाकडे निघायला वाट राहील. गोबी लवकर बाहेर पडला. कोळंबी नाही. तिला जवळजवळ दिसत नाही. बाहेर असताना ती एक मिशी सतत गोबीच्या अंगाला टेकवून ठेवते आणि त्यानं शेपटी झटकली की आत जाते. गोबी निघून गेल्यावर तिच्याजवळ बाहेरची काहीच खबर नव्हती. शेवटच्या ओंजळभर चुऱ्यात हातमोज्यावर टक् असा आवाज आणि धक्का जाणवला, तेव्हा ती कुठे आहे ते कळलं. चुऱ्यासकट पेल्यात उचलली आणि पाण्याखालूनच खडकाच्या कपारीशी सोडली.

नवी वाळू घातल्यावर बिळाच्या जुन्या जागी पीव्हीसीचा छोटा कोपर तिरका पुरून ठेवला, तोंड पूर्वीच्याच दिशेला.

१५ एप्रिल

गोबी दुसऱ्याच दिवसापासून कोपराच्या तोंडाशी बसलाय. कोळंबी आज दिसली. नांग्यांवर वाळू घेऊन येते, तोंडाशी ढकलते, मागे जाते. भरड तुकडे ती एकेक ओढून आत नेतेय. चपटे शंख छताला, फांद्या बाजूंना. अर्धी पट्टी तिनं खणून टाकलीय आणि समोर काचेशी ढीग केलाय. ढीग मी सपाट करणार नाही.

अमोनिया शून्य, अल्कलिनिटी ८.१, फॉस्फेट ०.०७.

१७ मे

महिन्याभरात नवं काही बिघडलं नाही. नायट्रेट ८ ते १०, फॉस्फेट ०.०६, अल्कलिनिटी ८.४, सोड्याचा जादा डोस बंद. ट्रॅकिफिलिया गेल्या आठवड्यात वाळूवर परत ठेवला, पूर्ण फुललाय. नासारियस आता वाळूत खोल जातात, खाणं टाकलं की सोंड आधी वर येते. भरड चुऱ्यात त्या एवढ्या खोल जात नव्हत्या. गेलेल्या गोगलगायींच्या जागी नव्या इतक्यात आणणार नाही. वाळूत त्यांना पुरेसं खायला तयार होईपर्यंत थांबतोय.

दोन्ही पॉवरहेड उघडले. एकाच्या चुंबकाच्या खोबणीत ॲरागोनाइटचे कण होते आणि सिरॅमिकच्या दांड्यावर चरे पडलेत. वाळू टाकताना पंप बंद होते, पण सुरू करण्याआधी त्यांच्या तोंडाशी साचलेले कण हटवले नव्हते. पंप सुरू करण्याआधी प्रत्येकाचं तोंड नळीनं साफ करून घ्या.

जुन्या चुऱ्याचं: गोड्या पाण्यात अनेक दिवस भिजवून, पाणी बदलत, खारटपणा जाईपर्यंत धुतला, उन्हात वाळवला, गोण्यांत भरला. समुद्रात किंवा कुठल्याही नदी-तळ्यात नेऊन टाकू नका. त्यात टाकीतले जीव आणि रोगजंतू असतात, ते तिथले नसतात. धुतल्याशिवाय झाडांच्या मातीतही नको, मीठ राहतं.

मीठ ठरवल्याच्या जवळपास दुप्पट गेलं, ते मुख्यतः दुसऱ्या पट्टीच्या वेळच्या जादा पाणीबदलात आणि राखीव पाण्यात. प्रत्येक पट्टीच्या दिवशी बदलायच्या पाण्याखेरीज तेवढंच राखीव पाणी गरम आणि घुसळलेलं तयार हवं. चार पट्ट्यांना ते लागलं नाही. दुसऱ्या पट्टीला ते नसतं तर क्लाउनफिश वाचले नसते.

राहिलेलं काम: उजवा पॉवरहेड अजून पहिल्या पट्टीच्या कोपऱ्यात वाळू उकरतोय, तिथे काच दिसायला लागलीय. उद्या तो चार बोटं वर घेणार आणि तोंड मागच्या काचेकडे वळवणार.